देशप्रेम आणि राष्ट्रवाद: फरक नेमका कुठे कळतो

देशप्रेम, देशभक्ती, देशाभिमान, राष्ट्रवाद हे सगळे शब्द आपण एकाच पिशवीत टाकतो. त्याला कारणही आहे. आपल्याकडे राष्ट्रवाद आला तो इंग्रजांशी भांडताना, टिळकांच्या काळात, आणि तेव्हा दोन्हींचं काम एकच होतं, डोक्यावर बसलेल्याला हाकलायचं. त्यामुळे आजही कोणी राष्ट्रवादाला नावं ठेवली की वाटतं हा देशालाच नावं ठेवतोय. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोण किती जोरात घोषणा देतंय यावरून तो फरक कळत नाही. आपल्या सैन्याने दुसऱ्याच्या गावात जाऊन काय केलं, असं कोणी विचारलं की माणूस काय करतो, तिथे कळतो.

मला हे सगळ्यात नीट जपानच्या इतिहासात दिसलं.

१८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात मुकडेनजवळ रेल्वेच्या रुळावर स्फोट झाला. रेल्वे जपानी कंपनीची, स्फोट घडवला जपानच्याच क्वांटुंग आर्मीच्या अधिकाऱ्यांनी, आणि आळ घातला चिनी सैन्यावर. नुकसान इतकं किरकोळ होतं की थोड्या वेळाने त्याच रुळावरून गाडी गेलीसुद्धा. पण जपानमध्ये बातमी पोचली ती आपल्यावर हल्ला झाला अशी, पेपरवाल्यांनी जादा अंक काढले, लोकांनी सैनिकांसाठी वर्गणी गोळा केली, आणि काही महिन्यांत जपानी सैन्याने अख्खा मांचुरिया ताब्यात घेतला. वर्गणी देणाऱ्यांच्या मनात काही पाप नव्हतं, त्यांचं देशावर खरंच प्रेम होतं, आणि हेच मला सांगायचंय की राष्ट्रवाद त्या प्रेमावरच वाढतो, आंब्यावर बांडगूळ वाढतं तसा. लांबून पानं हिरवीच दिसतात, पण आतला रस झाडाचा चाललेला असतो.

आता त्याच देशातला दुसरा माणूस बघा. साइतो ताकाओ, जपानच्या संसदेतले खासदार, वय ६९. हे काही कोणी क्रांतिकारक नव्हते, चांगले जुन्या वळणाचे, सम्राटाला मानणारे गृहस्थ होते. २ फेब्रुवारी १९४० ला ते संसदेत बोलायला उभे राहिले आणि जवळजवळ दीड तास बोलले. चीनशी युद्ध सुरू होऊन अडीच वर्षं झाली होती, चीनमधल्या नानकिंगमध्ये जपानी सैन्याने जे भयंकर हत्याकांड केलं ते होऊनही दोन वर्षं उलटली होती, आणि सरकार या सगळ्याला 'पवित्र युद्ध' म्हणत होतं. साइतोंनी एवढंच विचारलं की हे युद्ध संपणार कसं, याचं उद्दिष्ट काय, आणि पवित्र युद्ध, जागतिक शांतता असल्या पोकळ शब्दांच्या आड लपून लोकांनी केलेल्या त्यागाकडे तुम्ही किती दिवस दुर्लक्ष करणार.

लष्कर खवळलं. पवित्र युद्धाचा अपमान केला म्हणाले. भाषणाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग संसदेच्या नोंदीतून काढून टाकला आणि ७ मार्चला साइतोंनाच संसदेतून काढलं. त्यांना काढण्याच्या विरोधात मतं पडली फक्त ७. म्हणजे ज्याला मेलेल्या पोरांच्या घरच्यांची काळजी होती तो देशद्रोही आणि जे आणखी पोरं पाठवत होते ते देशभक्त. आणि याच्यापुढचं मला फार महत्त्वाचं वाटतं. १९४२ ला निवडणूक झाली, सरकारने आपल्या पसंतीचे उमेदवार जाहीर केले, त्यात अर्थातच हे नव्हते, तरीही ह्योगोमधल्या त्यांच्या मतदारसंघातल्या लोकांनी त्यांना सगळ्यात जास्त मतं देऊन परत पाठवलं. ऐन युद्धात. लोकांना फरक कळत होता, बोलायची सोय नव्हती एवढंच.

रवींद्रनाथ टागोरांनी तर १९१६ लाच जपानमध्ये जाऊन राष्ट्रवादापासून सावध राहायला सांगितलं होतं. पुढे १९३८ ला योने नोगुची या जपानी कवीने चीनवरच्या युद्धाची बाजू घेत त्यांना पत्र लिहिलं, तेव्हा टागोरांनी उत्तरात लिहिलं की तुमच्या लोकांवर माझं प्रेम आहे, म्हणून मी त्यांच्यासाठी यश नाही, पश्चात्ताप मागतो. प्रेम आहे म्हणून पश्चात्ताप मागतो, हे वाक्य राष्ट्रवादाला कळूच शकत नाही, कारण त्याला लोकांशी कर्तव्यच नसतं, त्याला जपायचा असतो देशाचा भिंतीवर टांगलेला फोटो, आणि फोटोवर डाग चालत नाही.

युद्ध संपल्यावर हे संपलं असं नाही. साबुरो इएनागा हे इतिहासकार शाळेची पाठ्यपुस्तकं लिहायचे. युद्धाच्या वेळी आपण गप्प बसलो याची त्यांना कायम खंत होती. सरकारी तपासणीत त्यांच्या मजकुरावर आक्षेप यायचे, हे सौम्य करा, ते गाळा. युनिट ७३१, म्हणजे मांचुरियात जपानी सैन्याने जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग केले ते, पुस्तकातून काढायला सांगितलं. इएनागांनी १९६५ मध्ये पहिली केस टाकली, मग आणखी दोन, आणि १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की युनिट ७३१ चा उल्लेख काढायला लावणं बेकायदेशीर होतं. ३२ वर्षं! 'आक्रमण'च्या जागी गुळमुळीत शब्द घालायला लावतात यावरून १९८२ ला चीन आणि कोरियाशी मोठा वाद झाला होता. एक शब्द बदलला तर काय बिघडतं असं वाटेल, पण ज्या मुलाला आपण आक्रमण केलं होतं हेच माहीत नाही, त्याला शेजारचा देश आपल्यावर कशाला चिडतो ते कळणार कसं, त्याला वाटणार हे लोकच द्वेषी, आणि पुढच्या भांडणाची तयारी इथेच होते.

आणि हे फक्त जपानचं नाही. अमेरिकेने युनिट ७३१ चा प्रमुख शिरो इशी याच्यावर खटलाच चालवला नाही, प्रयोगांची माहिती हातात पडली म्हणून. १९४५ च्या मार्चमध्ये टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकून एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं मारली त्याचाही खटला नाही. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानासोबत खाली काय झालं तेही दाखवायचं ठरलं होतं, तर इतका विरोध झाला की मूळ प्रदर्शन रद्दच केलं.

मग आपलं काय? आमच्या सोसायटीत एक बंगाली काकू आहेत. एकदा माझ्या मुलीला मांडीवर घेऊन त्या एक अंगाई गुणगुणत होत्या, मी अर्थ विचारला तर जरा अवघडल्या. त्यात बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी आले देशात, आता सारा कशातून भरायचा, असं काहीसं आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर जात होत्या, गावं जाळली, लुटलं, आणि १७५१ ला बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्याकडून वर्षाला १२ लाख चौथाई ठरवून थांबल्या. कलकत्त्यात इंग्रजांनी मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला होता. मी शाळेत अटकेपार झेंडे तोंडपाठ केले, हे मात्र मला पस्तिसाव्या वर्षी एका अंगाईतून कळलं.

अठराव्या शतकात राष्ट्रवाद वगैरे काही नव्हता, सगळेच राजे तसं करायचे, हे मला मान्य आहे. फौजांनी जे केलं त्याचा दोष आज माझ्यावर नाही. पण आज ते लपवणं माझ्याच हातात आहे. मी हे एका नातेवाइकांना सांगितलं तर ते म्हणाले, आपल्याच लोकांबद्दल असं कशाला उकरून काढायचं, बंगाल्यांनी काय केलं ते काढ की. मला शिवाजी महाराजांचं ते पत्र आठवलं, चिपळूणच्या छावणीतल्या लोकांना लिहिलेलं, की रयतेला काडीचाही त्रास देऊ नका. आपल्याच सैन्याला जाब विचारायची रीत आपल्याकडेच होती, आणि ती घालणाऱ्यापेक्षा या मातीवर जास्त प्रेम कोणाचं असणार.

मुलगी आता चौथीत आहे. अटकेचा धडा घेताना मी तिला नकाशावर अटक दाखवलं, आणि मग बोट उलट्या दिशेला नेऊन बंगालही दाखवला. तिने विचारलं, काकूंच्या गावाला पण गेले होते का आपण? मी हो म्हटलं.