गृहपाठाचा जाब: छडीपासून पालकांच्या सहीपर्यंत

गृहपाठ केला नाही तर लहान पोराला जाब विचारायचा कसा, हा विषय आमच्या स्टाफरूममध्ये सारखा निघतो, आणि तो नीट कळायचा तर थोडं मागे जावं लागतं.

पंतोजींच्या शाळेत सगळा भर पाठांतरावर. दिवेलागणीला शुभं करोति झालं की घरीच परवचा, म्हणजे पाढे, पाव-अर्ध्याचे पाढे म्हणजे पावकी-निमकी, सगळं मोठ्यानं म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी अडखळलं की छडी. पुढे वह्या आल्या, रोजचं शुद्धलेखन आलं, पण धाक तोच, त्यात नापास व्हायची भीती.

१ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि कलम १७ ने मारणं नि मानसिक त्रास दोन्ही बंद, कलम १६ ने आठवीपर्यंत नापास करणं बंद. हे व्हायलाच हवं होतं असं मला मनापासून वाटतं. पण धाकाच्या जागी काय? त्याच वर्षी २० ऑगस्टच्या जीआरने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे पोराची प्रगती वर्षभर बघत राहायची, आणि या वर्षभराच्या, म्हणजे आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत स्वाध्याय, वर्गकार्य धरलं गेलं. कल्पना चांगलीच होती हो, पण वर्गात चाळीस पोरं असली की नोंदी लिहिण्यातच जीव जातो, वही घेऊन प्रत्येकाशी बोलणं राहूनच जातं.

मग जबाबदारी हळूहळू घराकडे सरकली. लाल पेनाने 'गृहपाठ अपूर्ण, पालकांची सही आणणे'. कोरोनात तर वहीचे फोटो आईच्या मोबाईलवरून यायचे आणि कधीकधी अक्षरही आईचंच. पण ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत त्यांनी सही कुणाची आणायची? माझ्या चौथीतली एक पोरगी आजीचा अंगठा घेऊन आली होती, शाई पार समासापर्यंत फरफटलेली, आणि ती वही माझ्यापुढे धरून गप्प उभी.

दप्तराचं ओझं कमी करायच्या केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास असं आहे. दुसरीकडे २०१९ च्या कायदादुरुस्तीने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली आणि नापास करायची मुभा राज्यांना मिळाली, आपल्याकडे महाराष्ट्रात २०२३-२४ पासून ही परीक्षा सुरू झाली, पुनर्परीक्षेतही पास नाही झालं तर पोरगं त्याच वर्गात. म्हणजे भीती परत आली.

त्या पोरीकडे मी आता सही मागत नाही. मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं ती स्वतःच वहीत लिहिते, काय झालं, काय राहिलं, राहिलेलं कधी करणार, आणि खाली स्वतःचं नाव.