मागावरची तसबीर : विणलेल्या व्यक्तिचित्राची पार्श्वभूमी

जाकार्ड म्हणजे कोणते उभे धागे उचलायचे हे मुळात भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून ठरवणारं, मागावर बसवायचं यंत्र. त्यावर विणलेली व्यक्तिचित्रं गेल्या दोन-तीन दशकांत कलादालनांत मानाने लागू लागली आहेत. त्यांच्यासोबत एक जुना वादही आला आहे: फोटो संगणकात घातला आणि मागाने विणून दिला, तर त्यात कारागिरी ती कोणती?

भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं युरोपात मध्ययुगापासून आहेत. त्यांत आडवा धागा आपल्या रंगापुरताच जाऊन मागे फिरतो. काठापासून काठापर्यंत जाणाऱ्या बाण्यातून, म्हणजे आडव्या धाग्यातून, चेहरा काढणं हे वेगळंच काम, आणि त्याचा पहिला गाजलेला नमुना १८३९चा. १८०४च्या जाकार्ड यंत्राचा जनक जोसेफ मारी जाकार्ड जाऊन पाच वर्षं झाली होती. फ्रान्समधल्या ल्योंमध्ये एका चित्रकाराने काढलेल्या त्याच्या तैलचित्रावरून त्याची तसबीर काळ्या-पांढऱ्या रेशमात विणली गेली. त्यासाठी सुमारे २४,००० पत्ते टोचावे लागले. लोक ती छापील कोरीवचित्र समजत. डॅगेरोटाइपची, म्हणजे छायाचित्रणाच्या पहिल्या प्रचलित पद्धतीची, घोषणाही त्याच वर्षी झाली. म्हणजे विणलेला चेहरा छायाचित्रामागून आला, असं म्हणता येत नाही.

पुढे १८६०च्या व्यापार करारानंतर फ्रेंच रिबनी स्वस्तात आल्या आणि इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा रिबन धंदा कोलमडला. तिथल्या एका कारखानदाराने आधी विणलेल्या वाचनखुणा आणि १८७९पासून चौकटीत बसवायची छोटी रेशमी चित्रं बाजारात आणली. त्यांत राजघराण्यातली माणसं, पुढारी, जॉकी असे सगळे होते.

खरा पालट १९८३चा. त्या वर्षी मिलानच्या यंत्रप्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जाकार्ड आलं आणि पत्ते गेले. नव्वदच्या दशकात नॉर्वेत असा हातमाग तयार झाला, ज्यात प्रत्येक उभा धागा संगणकाच्या आज्ञेवर स्वतंत्र उचलता येतो; धोटा मात्र हातानेच टाकायचा. एका माणसाच्या कार्यशाळेत व्यक्तिचित्र विणणं त्यामुळे शक्य झालं. अमेरिकेतल्या एका नामवंत चित्रकाराची डॅगेरोटाइपवरून केलेली मोठमोठी व्यक्तिचित्रं पुढे २०००नंतरच्या दशकात बेल्जियममधल्या गिरणीत विणली गेली.

आता वादाकडे. जुन्या पद्धतीत आलेख कागदावर एक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा. कोणता चौकोन भरायचा हे माणूस ठरवत असे. आज सॉफ्टवेअर फोटोचे ठिपके एका कळीवर पाडून देतं. पण असा ठिपक्यांचा फोटो थेट मागावर घातला की कापड बिघडतं. केसांच्या काळ्या भागात धागे पंचवीस-तीस धाग्यांवरून मोकळे तरंगतात आणि नखात अडकतात. गालावर मात्र गुंफण इतकी दाट होते की तिथला ताणा, म्हणजे उभा धागा, जास्त खाल्ला जातो आणि कापडाला फुगवटा येतो.

म्हणून छटा साटीनमधून, म्हणजे धागे दूरदूर ठरावीक जागी गुंफणाऱ्या विणीतून, बांधतात. पांढरा ताणा, काळा बाणा आणि आठ धाग्यांचं साटीन घेतलं, तर आठांपैकी एकापासून सातांपर्यंत धागे झाकता येतात. छटा मिळतात सात. इतक्या कमी छटांत गालावर नकाशातल्या उंचीरेषांसारख्या पायऱ्या दिसतात. सोळा धाग्यांचं घेतलं तर छटा पंधरा होतात. पण सेंटीमीटरला ४० उभे धागे असतील तर सोळा धाग्यांचा एक नमुना ४ मिलिमीटर रुंद पडतो आणि डोळ्याचा कोपरा हरवतो. जाणते विणकर गालाला सोळाचं, डोळे आणि ओठांना आठचं साटीन लावतात, आणि सांधा सावलीत लपवतात. हा निर्णय सॉफ्टवेअर घेत नाही. कारागिरी शोधायची तर इथे शोधावी. कळ कुणी दाबली यावर भांडण्यात अर्थ नाही.

मापाची चूक तर नेहमीची. ६० बाय ८० सेंटीमीटरच्या चित्राला ताणा सेंटीमीटरला ४०चा आणि बाणा ३०चा असेल, तर फाइल २४०० बाय २४०० ठिपक्यांची हवी, म्हणजे पडद्यावर चेहरा बसकाच दिसला पाहिजे. तो डोळ्यांना खटकतो म्हणून कुणी फाइल २४०० बाय ३२०० केली, की कापड १०७ सेंटीमीटरवर जातं आणि चेहरा एक तृतीयांशाने लांबतो. उभा धागा उचलणारा एक हुक बंद पडला तर कपाळापासून हनुवटीपर्यंत उभी रेघ येते. माग थांबवून पुन्हा सुरू केला की आडवा पट्टा उमटतो. म्हणून थांबायचं ते केसांत किंवा कॉलरवर, चेहऱ्यावर कधीच नाही.

आपल्याकडे सोलापुरात जाकार्डवर महापुरुषांच्या आणि पुढाऱ्यांच्या प्रतिमांची वॉल हँगिंग विणली जातात. सूत जाडसर, त्यामुळे बारीक छटांऐवजी ठसठशीत रंगभागांतून चेहरा उभा करतात. मिशीची कड, फेट्याची घडी, नाकाची सावली कुठे संपवायची हे ग्राफ काढणाऱ्याचं कसब. ही हँगिंग सत्कारात भेट म्हणून दिली जातात. कलादालनात अभावानेच पोचतात आणि विणणाऱ्याचं नाव त्यांवर सहसा नसतं. १८३९च्या त्या रेशमी तसबिरीखाली चित्रकाराच्या जोडीने विणकराचं नावही विणलेलं आहे. आज मोठ्या दालनांतल्या पाट्यांवर मात्र बहुतेक वेळा एकट्या चित्रकाराचं नाव असतं आणि गिरणीचा उल्लेख बारीक अक्षरांत.