ल्युकेमियातलं ऑक्सिडेशन : नुकसानापासून निरोपापर्यंत

ऑक्सिडेशन, म्हणजे एखाद्या रेणूला ऑक्सिजन चिकटणं किंवा त्याचे इलेक्ट्रॉन जाणं, हा शब्द आपल्या घरांत पोचला तो बहुतेक जाहिरातींतून. ग्रीन टी असो, डाळिंबाचा रस असो की व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, सगळ्यांचं सांगणं एकच : शरीरातल्या घातक ऑक्सिडंटांचा, म्हणजे ऑक्सिडेशन घडवणाऱ्या रसायनांचा, नायनाट करा. यामागे विज्ञान नाही असं नाही. पण ते बरंच जुनं आहे आणि अर्धंच आहे. उरलेलं अर्धं ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, चांगलं दिसतं.

१९५४ मध्ये रेबेका गर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं की अति ऑक्सिजनमुळे होणारी इजा आणि क्ष-किरणांमुळे होणारी इजा एकाच वाटेनं होते, ती म्हणजे मुक्त मूलकांच्या, एकट्या पडलेल्या इलेक्ट्रॉनमुळे चटकन इतरांवर तुटून पडणाऱ्या रेणूंच्या. दोनच वर्षांनी डेनम हार्मन यांनी म्हातारपणाचं खापरही या मूलकांवर फोडलं. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइड या ऑक्सिजनपासून बनणाऱ्या मूलकाची विल्हेवाट लावणारं विकर (एन्झाइम) सापडलं. ज्याच्या बंदोबस्तासाठी शरीरानं खास विकर नेमलंय तो रेणू वाईटच असणार, असा अर्थ त्यातून निघणं साहजिक होतं.

या समजुतीला पहिला तडा रक्तातूनच गेला. १९७३ मध्ये बर्नार्ड बेबिअर यांच्या गटानं दाखवलं की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करतात. हे काम करणाऱ्या ऑक्सिडेज या विकरात जन्मतःच दोष असला, तर मुलाला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो आणि जंतुसंसर्ग पाठ सोडत नाहीत. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवावं : ल्युकेमियाचा मायलॉइड हा प्रकार याच जंतू गिळणाऱ्या पेशींच्या कुळात उपजतो, आणि त्या कुळाकडे ऑक्सिडंट बनवण्याची यंत्रणा आधीपासूनच असते.

दुसरा धागा संदेशवहनाचा. पेशीला 'वाढ' किंवा 'थांब' हा निरोप पोचतो तो बऱ्याचदा प्रथिनांवर फॉस्फेट चढवून किंवा उतरवून. चढवतात ती कायनेजेस, उतरवतात ती फॉस्फटेजेस. टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढतं हे टोनी हंटर यांना १९७९ मध्ये दिसलं, आणि त्यानंतर कर्करोगाचं संशोधन कायनेजांच्या मागे धावत सुटलं. फॉस्फटेजेस म्हणजे ब्रेक. त्यांच्याकडे लक्ष उशिरा गेलं. १९८८ मध्ये निकोलस टाँक्स आणि एडमंड फिशर यांच्या प्रयोगशाळेनं माणसाच्या वारेतून असं एक फॉस्फटेज शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्याचं नाव पीटीपी१बी.

या ब्रेकांची सगळी मदार एका गंधकाच्या अणूवर असते. विकराच्या खाचेत बसलेल्या सिस्टीनचा हा अणू. आजूबाजूच्या रचनेमुळे त्याच्यावरचा हायड्रोजन सहज सुटतो आणि तो ऋणभारित राहतो. फॉस्फेटवर झडप घालायला तो तयार होतो तो त्यामुळेच, आणि त्याच कारणानं हायड्रोजन पेरॉक्साइडलाही चटकन बळी पडतो. गंधकाला एक ऑक्सिजन चिकटला की विकर बंद. पेशीतली थायोरेडॉक्सिनसारखी क्षपणक (ऑक्सिडेशन उलटवणारी) प्रथिनं तो ऑक्सिजन काढू शकतात. मग विकर पुन्हा चालू. दोन-तीन ऑक्सिजन चिकटले, तर मात्र बहुधा परतीची वाट नाही.

हे सगळं कागदावर ठीक, पण पेशी खरोखर असं करते का? १९९५ मध्ये टोरेन फिंकेल यांच्या गटानं रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींना वाढीचा एक संप्रेरकसदृश घटक दिला. पेशींत काही काळ हायड्रोजन पेरॉक्साइड वाढलं. मग त्यांनी पेशींतलं कॅटलेज, म्हणजे पेरॉक्साइड मोडणारं विकर, वाढवलं; तर घटक हजर असूनही निरोप पुढे जाईना. निरोपाला पेरॉक्साइड लागतंच, असा त्याचा अर्थ. १९९८ मध्ये स्यू गू री यांच्या प्रयोगशाळेला अशाच निरोपानंतर पीटीपी१बी काही वेळ बंद पडून पुन्हा सुरू होताना दिसलं. २००३ मध्ये दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, बंद पडलेल्या पीटीपी१बीची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. गंधकानं शेजारच्या नायट्रोजनशी बंध जोडून छोटं कडं तयार केलेलं होतं. कोणालाच अपेक्षित नसलेली रचना! पण तिचा फायदा उघड होता : गंधक आणखी ऑक्सिजन घेण्यापासून वाचतो आणि विकराला परत येता येतं.

ल्युकेमियाचा इतिहास तोवर वेगळ्याच रुळावर चालला होता. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी ते ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून आल्याचं दाखवलं. त्यातून जन्मणारं बीसीआर-एबीएल हे कायम चालू राहणारं कायनेज, आणि त्यावरची इमॅटिनिब ही गोळी २००१ पासून बाजारात. ही कथा इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यातलं एक पान वाचायचं राहून जातं. २००० मध्ये मार्टिन सॅटलर, जेम्स ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बीसीआर-एबीएल आलं की पेशीतले ऑक्सिडंट वाढतात. म्हणजे कायनेज नुसतं फॉस्फेट चढवत नाही, ते उतरवणाऱ्यांना निकामी करणारं रसायनही वाढवतं. वर हेच ऑक्सिडंट डीएनएला इजा करतात, आणि त्या इजांतून इमॅटिनिबला दाद न देणारी उत्परिवर्तनं उपजू शकतात. अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियातल्या एफएलटी३ या ग्राहीच्या (बाहेरचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाच्या) बिघाडातही असंच चित्र दिसलं. तिथे डीईपी-१ नावाचं फॉस्फटेज ऑक्सिडेशननं मंदावतं.

मला सगळ्यांत बोलकं वाटतं ते टी-पेशींच्या अ‍ॅक्यूट ल्युकेमियातलं उदाहरण. पीटेन हे प्रथिन पेशीच्या वाढीला आवर घालतं. अनेक कर्करोगांत त्याचं जनुकच गहाळ असतं. २००८ मध्ये लिस्बनच्या झुआंव बराता यांच्या गटाला बऱ्याच रुग्णांच्या पेशींत उलटं दिसलं : जनुक शाबूत, प्रथिन भरपूर, आणि काम मात्र होत नाही. सीके२ हे कायनेज त्यावर फॉस्फेट चढवत होतं आणि ऑक्सिडंट त्याचा गंधक बांधून टाकत होते. नुसतं जनुक वाचणाऱ्या चाचणीत हा रुग्ण 'पीटेन ठीक' असाच नोंदला जाणार.

हे प्रयोगशाळेत पाहणं जिकिरीचं असतं. पेशी फोडली की हवेतला ऑक्सिजनच गंधकावर तुटून पडतो, म्हणून फोडतानाच मोकळे गंधक एन-इथाइलमॅलिमाइडनं झाकून घ्यावे लागतात. मग नमुना क्षपणक न घालता, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चालवायचा. पीटेनच्या १२४व्या आणि ७१व्या सिस्टीनमध्ये डायसल्फाइड बंध (दोन गंधकांमधला जोड) झाला असेल, तर प्रथिन आवळलेलं असतं आणि जेलमध्ये थोडं पुढे पळतं. एका पट्ट्याच्या जागी दोन दिसतात. क्षपणक घातला की पुन्हा एकच.

हेच रसायन उलट बाजूनं कामी आलं ते सोमल या आर्सेनिकयुक्त विषाच्या रूपानं. १८६५ मध्ये जर्मनीत ल्युकेमियाच्या रुग्णाला सोमलाचं द्रावण दिल्याची नोंद आहे. पुढे विसाव्या शतकात नवी औषधं आली आणि सोमल मागे पडला. १९७०च्या दशकात चीनमधल्या हार्बिनला चांग टिंगडाँग आणि सहकाऱ्यांनी एका गावठी औषधातून तो पुन्हा वर काढला, आणि अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात त्याचा गुण विलक्षण ठरला. कारण कळायला २०१० उजाडलं. त्या वर्षी शांघायच्या गटानं सोमलातलं आर्सेनिक पीएमएल प्रथिनाच्या सिस्टीनांना थेट चिकटतं हे दाखवलं. पॅरिसच्या ह्यूग द ते यांच्या गटानं दाखवलं की औषधामुळे वाढलेले ऑक्सिडंट पीएमएलचे रेणू डायसल्फाइड बंधांनी एकमेकांना जोडतात. एकत्र आलेल्या या प्रथिनावर नष्ट करण्याची खूण लागते, आणि रोगाचं मूळ असलेलं, पीएमएल दुसऱ्या प्रथिनाला जोडलं जाऊन बनलेलं जोडप्रथिनही त्याबरोबर संपतं. २०१३ मध्ये कमी-मध्यम जोखमीच्या रुग्णांवरच्या चाचणीत सोमल आणि रेटिनॉइक आम्ल या जोडीनं दोन वर्षांनी सुमारे ९७ टक्के रुग्ण विघ्नाविना (म्हणजे रोग न उलटता, जिवंत) होते; केमोथेरपीच्या गटात सुमारे ८६ टक्के. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं एकट्या सोमलावर रोग बरा होऊ शकतो हे २००६ मध्येच प्रसिद्ध केलं होतं, आणि महागडे उपचार न परवडणाऱ्यांसाठी ते फार मोलाचं होतं.

आता जाहिरातींकडे परत पाहिलं की घोळ कळतो. पेशीत ग्लुटाथायोन हा तिचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट जास्त असेल, तर सोमलाचा परिणाम घटतो, हे प्रयोगशाळेत १९९०च्या दशकापासून माहीत आहे. म्हणून उपचार चालू असताना दुकानातून आणलेली अँटिऑक्सिडंटची बाटली डॉक्टरांना न सांगता उघडू नये. नेम धरून केलेला प्रयत्न वेगळा असतो : २००८ मध्ये युरोपनं अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियात, रोग आटोक्यात आल्यावर तो परतू नये म्हणून, हिस्टामिन डायहायड्रोक्लोराइड हे औषध इंटरल्यूकिन-२ च्या जोडीनं मंजूर केलं. ते तयार झालेले ऑक्सिडंट पुसत बसत नाही. मायलॉइड पेशींतलं ऑक्सिडेज दाबतं, म्हणजे त्या ऑक्सिडंटांमुळे लुळ्या पडणाऱ्या टी आणि एनके या रोगप्रतिकारक पेशी कर्करोगपेशींना मारायला मोकळ्या राहतात.