बोपदेव घाटातले आठ ठोके

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पुण्याजवळचा बोपदेव घाट मी येवलेवाडीकडून सायकलने २१ मिनिटांत चढलो. हृदयाचे सरासरी ठोके मिनिटाला १५२. एप्रिलमध्ये तोच घाट, तीच सायकल, पुन्हा २१ मिनिटं. ठोके मात्र १६०. वर टपरीवर चहा घेताना आमच्या ग्रुपमधल्या काकांनी माझा मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि निकाल देऊन टाकला, "फिटनेस घसरलाय तुझा. लग्नाच्या जेवणावळी बंद कर."

जेवणावळींचा दोष नव्हता. म्हणजे असलाच तर थोडा. फेब्रुवारीत निघताना अंगात जर्किन होतं; एप्रिलमध्ये घाटाच्या पायथ्यालाच जर्सी पाठीला चिकटली होती. उकाड्यात हृदयाला दोन गिऱ्हाइकं एकदम सांभाळावी लागतात. मांड्यांना ऑक्सिजन हवा असतो आणि त्वचेलाही रक्त हवं असतं, कारण आतली उष्णता बाहेर पडते ती त्वचेतूनच. त्यात घामावाटे रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, कमी होत जातो. हृदयाकडे परतणारं रक्त घटलं की एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्तही घटतं. मग तेवढाच पुरवठा करायचा तर ठोके वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

लांबच्या राइडमध्ये जोर तोच ठेवूनही ठोके हळूहळू वर सरकतात, त्यामागेही बरंचसं हेच कारण असतं. याला 'कार्डिअ‍ॅक ड्रिफ्ट' म्हणतात. घड्याळं दाखवतात त्या डझनभर आलेखांपैकी हौशी ट्रायथलीटने, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा तिहेरी स्पर्धेत उतरणाऱ्याने, एकच बघायचा ठरवला तर हा बघावा, असं माझं मत आहे. समजा, पॉवर मीटर (पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) लावून तुम्ही दोन तास १५० वॅटने सायकल चालवली. पहिल्या तासात सरासरी ठोके १४० आणि दुसऱ्यात १५०. म्हणजे आधी एका ठोक्यामागे १.०७ वॅट मिळत होते, नंतर १. घट जवळपास ७ टक्के. ही घट ५ टक्क्यांच्या आत राहिली तर तेवढ्या वेळापुरता दमाचा पाया पक्का झाला, असा प्रशिक्षकांचा ढोबळ ठोकताळा आहे. पॉवर मीटर महाग असतो. सपाट रस्त्यावर पळताना वॅटच्या जागी वेग धरला तरी चालतं. मात्र पहाटे साडेपाचचं पळणं आणि सकाळी नऊचं पळणं शेजारी ठेवू नका. तशाने मोजलं जातं ते पुण्याचं ऊन.

आकडा मुळात खरा आहे का, हेही बघावं लागतं. मनगटावरचं घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लहर ओळखतं. पट्टा सैल असला की पळताना ते कधीकधी पावलांनाच ठोके समजतं. हलक्या पळण्यात अचानक १७० दिसले तर घाबरण्याआधी पट्टा आवळा. छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो, त्यामुळे तो जास्त भरवशाचा. पोहताना मी ठोक्यांच्या नादी लागत नाही. बालेवाडीच्या ५० मीटर तलावात एका लांबीला हात किती मारले आणि सेकंद किती लागले, एवढंच मोजतो. वेळ तीच आणि हात कमी, तर पाणी नीट पकडलं जातंय.

आता ट्रायथलॉनमधली खरी पंचाईत. सायकलचे वॅट, पळण्याचा वेग आणि पोहण्याचे हात यांची बेरीज कशी करायची? अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी काढलेला उपाय गंमत वाटावी इतका साधा आहे. व्यायामानंतर अर्ध्या तासाने किती जड गेलं याला दहापैकी गुण द्या आणि मिनिटांनी गुणा. ६० मिनिटं पोहणं, गुण ४: भार २४०. ४० मिनिटं जोरात पळणं, गुण ७: भार २८०. तिन्ही खेळ एकाच वहीत बसतात. तंदुरुस्ती आणि थकवा यांची वेगवेगळी खाती मांडायची कल्पना एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मांडली. दोन्ही व्यायामानेच वाढतात, पण थकवा लवकर उतरतो आणि तंदुरुस्ती सावकाश. स्पर्धेआधी सराव कमी करतात तो याच फरकाच्या जोरावर.

तर एप्रिलचे ते आठ ठोके. रोज तासभर उकाड्यात घाम गाळला तर १० ते १४ दिवसांत प्लाझ्मा वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्याच कामाला ठोके कमी लागतात. मी दोन आठवडे पहाटेचं पळणं सोडून संध्याकाळी पाचला तळजाईच्या टेकडीवर पळलो, पाण्याची बाटली हातात घेऊन आणि वेगाची फिकीर न करता. पहिले चार दिवस नको झालं होतं. मग पुन्हा बोपदेव: २१ मिनिटं, ठोके १५४.

काकांनी चष्मा वर सरकवून आकडा बघितला. "बघ, केल्यास ना जेवणावळी बंद?"