आर्तूस्त (टर्बोशाफ्ट इंजिन)

हलक्या हेलिकॉप्टरांसाठी आणि विमानांतील साहाय्यक शक्तिसंचासाठी वापरले गेलेले छोटे फ्रेंच टर्बोशाफ्ट इंजिन, म्हणजे ज्याची शक्ती फिरत्या दांड्यातून बाहेर येते असे टर्बाइन इंजिन. चेतक आणि चीता ही हेलिकॉप्टरे भारतात ज्याच्या जोरावर उडत आली, ते हेच. जोसेफ शिडलोव्स्की यांच्या टर्बोमेका कंपनीने ते १९४७ मध्ये प्रथम चालवले. नाव पिरेनीज पर्वतातल्या एका सरोवराचे. कंपनीचा बॉर्द येथील कारखानाही त्याच पर्वताच्या पायथ्याशी.

मुळात हे इंजिन हेलिकॉप्टरासाठी नव्हतेच. उभ्या विमानाला वीज आणि दाबाची हवा पुरवावी, एवढीच अपेक्षा होती. ब्रिटनच्या ब्लॅकबर्न कंपनीने परवान्याखाली बनवलेले आर्तूस्त व्हिक्टर बॉम्बफेकी विमानात आणि व्हीसी१० या प्रवासी विमानात याच कामी आले. फ्रान्समध्ये मात्र १२ मार्च १९५५ रोजी त्यावर अलूएत-२ हे हेलिकॉप्टर उडाले आणि इंजिनाचे नशीब पालटले.

रचना साधी आहे. कॉम्प्रेसर (हवा दाबणारा भाग), टर्बाइन (तप्त वायूने फिरणारे चक्र) आणि बाहेर शक्ती नेणारा दांडा असे सारे एकाच अक्षावर, मिनिटाला सुमारे ३३,५०० फेरे या ठरावीक वेगाने फिरते. भार वाढला की वेग नव्हे, इंधन वाढते. पोकळ दांड्यातून आलेले इंधन फिरत्या चकतीच्या कडेवरून कंकणाकृती ज्वलनकक्षात उडते. टर्बाइन मोकळी नसल्याने, म्हणजे शक्ती बाहेर देणारी टर्बाइन कॉम्प्रेसरपासून वेगळी फिरत नसल्याने, चालू करताना हेलिकॉप्टराच्या पंख्याचे (रोटरचे) ओझे बाजूला ठेवावे लागते. इंजिनाने वेग घेतला की क्लच पंख्याला हळूहळू जोडतो. कमी भारावरही पूर्ण वेग राखायचा, म्हणून इंधनाची भूक मोठी.

तरीही पर्वतांत ते टिकले, कारण त्याची राखीव ताकद. आर्तूस्त-३बी सुमारे ८७० अश्वशक्ती देऊ शकते. पण गिअरबॉक्सला झेपेल म्हणून ती साधारण ५५० वर रोखलेली असते. उंचीवर हवा विरळ झाली की हीच शिल्लक उपयोगी पडते. भारताला हिमालयासाठी हवे असलेले लामा हेलिकॉप्टर (आपले चीता) या इंजिनावर १९६९ मध्ये उडाले. २१ जून १९७२ रोजी फ्रेंच वैमानिक झाँ बुले यांनी ते १२,४४२ मीटरवर नेले. तिथे इंजिन विझले, पुन्हा पेटलेच नाही. बुले यांनी पंखा नुसत्या हवेच्या झोतावर फिरवत ते सुखरूप उतरवले.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सने हे इंजिन बंगळुरूत परवान्याखाली बनवले. सियाचेनच्या चौक्यांना रसद पोचवणारी आणि जखमींना खाली आणणारी चीता त्यावरच उडाली. नाशिकच्या सैन्य विमानचालन प्रशिक्षण शाळेत वैमानिक याच जातीच्या यंत्रावर घडले. पुढे आलेल्या चीतल हेलिकॉप्टरचा सांगाडा चीताचाच, इंजिन मात्र मोकळ्या टर्बाइनचे टीएम-३३३. तेही टर्बोमेकाचेच.