टर्कीला मानाचं पान कुणी वाढलं?

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेत एक जुना वाद पुन्हा उकरून काढला जातो. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे तिथल्या आभाराच्या सणाच्या, जेवणात टर्की हवीच कशाला? मांस कोरडं, चव बेताची, पक्षी एवढा अगडबंब की ओव्हनचं दार लागता लागत नाही. वर्षभर ज्याची कुणाला आठवण होत नाही, त्याला त्या एका दिवशी मधोमध बसवायचं आणि मग वरून भरपूर ग्रेव्ही ओतून घास उतरवायचा. वाद होतो, लोक हसतात, आणि चौथ्या गुरुवारी पुन्हा टर्कीच भाजतात. त्या एका दिवसात सुमारे साडेचार कोटी टर्क्या फस्त होतात, असा तिथल्या टर्की उत्पादकांच्या संघटनेचा अंदाज आहे.

सणाच्या दिवशी न आवडणारं खाणं आपल्याला काही नवं नाही. पाडव्याला कडुनिंबाचा पाला चवीसाठी कोण खातो? पण तो चिमूटभर असतो आणि पाठोपाठ श्रीखंड येतं. इथे पाल्यालाच पंगतीत मानाचं पान मिळालंय. ते कुणी वाढलं, हे बघायला गेलं की शाळेत शिकवतात ती गोष्ट पहिल्याच पायरीला घसरते.

ती गोष्ट १६२१ सालची. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर प्लिमथ इथे आदल्या वर्षी इंग्लंडहून १०२ माणसं आली होती. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतली निम्मी गेली. उरलेल्यांना पुढच्या शरदात मक्याचं पीक मिळालं, त्याचा उत्सव झाला. तिथल्या वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासोइट आपली नव्वद माणसं घेऊन आला आणि तीन दिवस खाणंपिणं चाललं. याचा डोळ्यांदेखतचा वृत्तांत एकच: एडवर्ड विन्स्लोनं त्याच डिसेंबरात लिहिलेलं पत्र. त्यात पाहुण्यांनी पाच हरणं मारून आणल्याचं आहे. चार जण पक्ष्यांच्या शिकारीला गेले आणि एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरेल एवढी शिकार घेऊन आले, हेही आहे. टर्कीचा शब्द मात्र नाही. पक्षी म्हणजे बदकं आणि हंस असण्याचीच शक्यता जास्त. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डनं त्या शरदात रानटर्क्या भरपूर मिळाल्याचं लिहून ठेवलंय खरं, पण ते एकंदर हंगामाबद्दल, त्या जेवणाबद्दल नव्हे. खुद्द त्या लोकांनीही त्या तीन दिवसांना थँक्सगिव्हिंग म्हटलं नव्हतं. त्यांच्या धर्मात आभाराचा दिवस म्हणजे प्रार्थनेचा दिवस.

त्या पंगतीला 'पहिलं थँक्सगिव्हिंग' हे नाव मिळालं १८४१ साली. बोस्टनच्या अलेक्झांडर यंग यांनी जुनी कागदपत्रं छापताना विन्स्लोच्या पत्राखाली तशी तळटीप घातली. ब्रॅडफर्डचं हस्तलिखित तर अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत गहाळ झालं होतं. ते लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडलं आणि १८५६ मध्ये छापून आलं, तेव्हा कुठे लोकांना त्यातल्या टर्क्या दिसल्या. म्हणजे आधी टर्की ताटात आली आणि पुरावा मागाहून. आपल्याकडच्या काही 'शेकडो वर्षांच्या' परंपरांचं वय काढायला बसलं, तर निकाल फार वेगळा लागणार नाही.

मग ती ताटात आली कुठून? त्यासाठी मेक्सिकोपर्यंत मागे जावं लागतं. टर्की माणसाळली ती तिथे, दोनेक हजार वर्षांपूर्वी. अ‍ॅझ्टेकांच्या बाजारात ती विकली जायची, तिच्या मांसाचे तमाले, म्हणजे मक्याच्या पिठात भरून उकडलेले उंडे, व्हायचे. मेक्सिकोत आजही तिला नाहुआत्ल भाषेतून आलेल्या 'ग्वाहोलोते' या नावानं ओळखतात, आणि 'मोले' नावाच्या मिरची-चॉकलेटच्या दाट रश्श्यात घातलेली टर्की खाल्लेला माणूस तिला बेचव म्हणणार नाही. आजच्या अमेरिकेच्या नैर्ऋत्येला पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी टर्की वेगळी पाळली. त्यांचा सुरुवातीचा लोभ मांसापेक्षा पिसांवर होता. हजारो पिसं दोऱ्याला गुंडाळून ते पांघरुणं विणायचे.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिशांनी हा पक्षी युरोपात नेला आणि नावांचा जो गोंधळ सुरू झाला तो आजतागायत निस्तरलेला नाही. इंग्रजांनी तुर्की व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या गिनी कोंबडीशी गल्लत करून त्याला टर्की केलं. तुर्कस्तानात तोच 'हिंदी'. फ्रेंच म्हणतात 'दँद', म्हणजे हिंदचा. डच म्हणतात 'काल्कून', म्हणजे आपल्या कालिकतचा. पोर्तुगिजांनी त्याला 'पेरू' म्हटलं, आणि हिंदीतलं 'पीरू' त्यावरूनच आलं. आपण पेरू म्हटलं की तिखटमीठ लावलेली फोड आठवते, लिस्बनच्या माणसाला तोच शब्द पिसारा फुलवून दिसतो. पक्षी मेक्सिकोचा, आणि एकाही नावात मेक्सिको नाही.

पोर्तुगिजांमुळेच तो आपल्या किनाऱ्याला लागला. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून दुर्मिळ वस्तू आणि प्राणी खरेदी करून दरबारी आला. फिरंग्यांनी सांगितली ती किंमत त्यानं मोजली होती. त्यात एक टर्की होती. जहांगीरनं आपल्या आत्मवृत्तात तिचं अगदी जवळून निरखून वर्णन केलंय: लांडोरीपेक्षा मोठी, मोरापेक्षा लहान, रंगात आली की मोरासारखी पिसं फुलवून नाचते, डोकं, मान आणि गळ्याखालची लोळी घडोघडी रंग बदलते, आत्ता पोवळ्यासारखी लाल तर थोड्या वेळानं कापसासारखी पांढरी, मग पिरोजासारखी निळी. सरड्यासारखी, असं तो म्हणतो. बाबरानं प्राण्यांची वर्णनं लिहिली पण चित्रं काढवली नाहीत, म्हणून आपण काढवून घेतो, अशी पुस्तीही जोडतो. त्याचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर यानं काढलेलं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. कोऱ्या पार्श्वभूमीवर उभा एकटा पक्षी, अंगावरचं पीस न् पीस सुटं, मानेवरच्या गाठी मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. टर्कीचा याहून मोठा सन्मान कुठल्याही जेवणाच्या टेबलावर झाला असेल असं मला वाटत नाही. बादशहाच्या त्या वर्णनात चवीबद्दल अक्षर नाही.

इंग्लंडमध्ये मात्र ती नाताळच्या ताटात पोहोचली होती. इंग्रज लेखक डॅनियल डीफोनं १७२० च्या दशकात लिहिलंय, की सफोक आणि नॉरफकमधून टर्क्यांचे तांडेच्या तांडे पायी लंडनला हाकत नेतात. एकेका तांड्यात तीनशेपासून हजारापर्यंत पक्षी. इंग्रज वसाहतवाले अमेरिकेला गेले ते हेच पाळीव पक्षी बरोबर घेऊन. एकदा अटलांटिक ओलांडून पूर्वेला गेलेली टर्की पुन्हा ओलांडून पश्चिमेला आली आणि तिथल्या रानटर्कीशी तिचा संकर झाला.

न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्याला ती का पटली, याचं उत्तर आपल्याला भोगीच्या भाजीत सापडेल. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी आणि तीळ एकत्र शिजवतो, कारण तेव्हा शेतात तेच असतं. टर्कीचं तसंच. पिल्लं वसंतात फुटतात, उन्हाळाभर नाकतोडे आणि कापणीनंतरचे दाणे खाऊन फुगतात आणि नोव्हेंबरात कापायच्या तयारीत येतात. हिवाळाभर त्यांना पोसायचं तर दाणा विकत घालावा लागतो. गाय कापली तर दूध गेलं, कोंबडी कापली तर अंडी गेली. टर्की अंडी कमी देते, ओढकामाला नाही, राखणीला नाही, आणि एक पक्षी मारला की पंधरा माणसांची पंगत उठते. डुकराचं मांस रोजचं, त्याला सणाचा थाट नाही. टर्कीनं आपली जागा चवीवर नव्हे, हिशेबावर कमावली, आणि ती तिला शोभत होती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

या शेतकी हिशेबाला राष्ट्रीय सण केलं ते एका विधवा बाईनं. सेरा जोसेफा हेल, जन्म १७८८, न्यू हॅम्पशर. नवरा गेला तेव्हा पदरात पाच मुलं. लिहून पोट भरायला लागली, आणि १८२७ मध्ये आलेल्या 'नॉर्थवुड' या कादंबरीत तिनं थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला एक अख्खं प्रकरण दिलं. त्यात टेबलाच्या डोक्याशी भाजलेली टर्की, मग गोमांस, त्याच्या दोन बाजूंना डुकराचं आणि मेंढीचं मांस, कडेला हंस आणि बदकं, मधोमध चिकनचं सारण भरून भाजलेला 'पाय' (pie). नीट वाचलं तर दिसतं, की टर्की तिथे एकटी नाही, अर्धा डझन मांसांमधली पहिली आहे. पुढे बाकीची मंडळी पानावरून उठली आणि ती एकटीच बसून राहिली. तिच्या कोरडेपणाचा बोभाटा होतो याचं एक कारण हेही असावं.

हेलबाई नंतर त्या काळातल्या एका बड्या स्त्री-मासिकाच्या संपादक झाल्या आणि वर्षानुवर्षं राज्यपालांना, राष्ट्राध्यक्षांना पत्रं पाठवत राहिल्या: साऱ्या देशाचा एकच आभाराचा दिवस ठरवा. दक्षिणेत कित्येकांना हा सण उत्तरेकडच्या गुलामगिरीविरोधकांचं खूळ वाटायचा. शेवटी यादवी युद्ध ऐन भरात असताना, २८ सप्टेंबर १८६३ ला त्यांनी लिंकनना लिहिलं आणि ३ ऑक्टोबरला घोषणा निघाली. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. घोषणेचा मसुदा परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांचा, त्यातही टर्की नाही. पण पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या युनियन लीग क्लबनं आघाडीवरच्या सैनिकांना थँक्सगिव्हिंगसाठी टर्क्या पाठवल्या. सैनिकाच्या ताटात गेलेला पदार्थ राष्ट्रीय व्हायला वेळ लागत नाही. तारखेचा घोळ मात्र १९४१ पर्यंत चालला. नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी १९३९ मध्ये सण आठवडाभर अलीकडे ओढला, निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही, आणि अखेर काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला.

वाम्पानोआगांच्या वंशजांच्या लेखी हा इतिहास असा चविष्ट नाही. मॅसासोइटचा मुलगा मेटाकॉम पुढे त्याच वसाहतवाल्यांशी लढला. १६७६ मध्ये त्याला मारलं आणि त्याचं मुंडकं प्लिमथमध्येच खांबावर टांगलं. १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथला मूळनिवासी लोक जमतात आणि शोकदिन पाळतात.

आता चवीच्या तक्रारीकडे. ती खरी आहे, पण जिच्याबद्दल आहे ती टर्की हेलबाईंच्या टेबलावरची नव्हे. विसाव्या शतकात गिऱ्हाइकाला छातीचं पांढरं मांस हवं झालं आणि पैदास करणाऱ्यांनी छाती वाढवत नेली. १९३० च्या आसपास सरासरी टर्की १३ पौंडांची होती, आता ती ३० पौंडांच्या पुढे गेलीय. पांढऱ्या पिसांची जात निवडली, कारण सोलल्यावर कातडीत राहिलेले खुंट दिसत नाहीत. नराची छाती इतकी फुगली की त्याला मादीशी जुगता येईना. बाजारातली जवळजवळ प्रत्येक टर्की आज कृत्रिम रेतनातून येते. जुन्या जातींची अवस्था अशी झाली, की १९९७ च्या मोजणीत त्या सगळ्यांचे मिळून पैदाशीचे पक्षी दीड हजारही भरले नाहीत.

तोच पक्षी गोठवून दुकानात येतो आणि नोव्हेंबरात दुकानदार बाकीची खरेदी व्हावी म्हणून तो तोट्यातही विकतात. सात किलोचा दगड फ्रिजमध्ये ठेवला तर सुटायला तीन-चार दिवस लागतात. मग खरी पंचाईत. छातीचं मांस ७४ अंशांना शिजतं आणि त्यापुढे दर मिनिटाला कोरडं होत जातं. मांडीतली चिवट ऊतकं मऊ व्हायला त्याहून दहाएक अंश जास्त लागतात. अख्खा पक्षी एकाच ओव्हनमध्ये एकाच वेळी म्हटल्यावर दोघांतलं एक कुणीतरी रुसणारच. एका टर्की कंपनीनं १९८१ मध्ये सहा गृहशास्त्रज्ञ बाया फोनवर बसवून सल्ला द्यायला सुरुवात केली. ती सेवा आजही चालू आहे, आणि फोन आजही खणखणतात. तिथल्या मराठी घरांनी यावर आपला तोडगा काढलाय: तुकडे करायचे, आलं-लसूण-दह्यात रात्रभर मुरवायचे आणि सरळ रस्सा करायचा. अख्खा पक्षी टेबलावर मिरवायचा हट्ट सोडला, की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. मेक्सिकोवाल्यांना हे आधीपासून ठाऊक होतं.

राहता राहिली रानटर्की. जंगलं तुटली, शिकार झाली आणि मॅसॅच्युसेट्समधली शेवटची रानटर्की १८५१ मध्ये मारली गेली. लिंकनची घोषणा निघाली तेव्हा ज्या राज्याच्या नावानं हा सण साजरा होतो, तिथल्या रानात एकही टर्की उरली नव्हती. १९७० च्या दशकात वनखात्यानं न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी पकडून आणून पश्चिमेकडच्या डोंगरात सोडले. आता तिथे त्या हजारोंनी आहेत. बोस्टनच्या उपनगरांत त्या फुटपाथवरून झुंडीनं हिंडतात, मोटारीच्या चकचकीत दारात आपलंच प्रतिबिंब दिसलं की त्यावर चोची मारतात, आणि हॉर्न वाजवला तरी रस्त्यातून हलत नाहीत.