गोठ्यातून पिंजऱ्यात

गिनीपिग खाजवू लागला, अंगावरचे केस गळू लागले, की कोकणातल्या घरात पहिला हात जातो करंजेलाच्या बाटलीकडे. साहजिकच आहे. बैलाची खरूज असो की पोरांची, करंजेल चोळायचं. कुठे उंडीचं तेल, कुठे तेलात खललेला गंधक. गोचिडांना तंबाखूचं पाणी. गोठ्यातलं हे वैद्यक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गिनीपिग मात्र आपल्या अंगणात परवाचा पाहुणा.

तो मूळचा अँडीज पर्वतातला. तिथे त्याला खाण्यासाठी पाळत आणि आजही पाळतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात गेला, तिथे लाडका झाला आणि पुढे प्रयोगशाळेत शिरला. प्लेगच्या साथीत मुंबईत येऊन लस बनवणाऱ्या हाफकिनने त्याआधी पॅरिसमध्ये कॉलऱ्याचे जंतू एका गिनीपिगमधून दुसऱ्यात नेत नेत जहाल केले होते.

इतका हाताळलेला प्राणी, पण त्याच्या खरजेच्या किडीचं शास्त्रीय वर्णन व्हायला १९७२ साल उजाडलं. नाव ट्रिक्सॅकॅरस केव्हिई. ही कातडीत बीळ करते, डोळ्यांना दिसत नाही आणि खाज इतकी भयंकर की प्राण्याला झटके येतात. पाहणाऱ्याला वाटतं फेफरं आलं. उवांचं तसं नाही. त्या केसांत फिरताना दिसतात, म्हणून ओळखूही येतात.

गंमत अशी, की यावर लागू पडणारं औषधही गोठ्यातूनच आलं. जपानमध्ये सातोशी ओमुरांनी गोळा केलेल्या मातीच्या नमुन्यातल्या जिवाणूपासून अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूने आयव्हरमेक्टिन तयार केलं. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं. २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. गुरांच्या एक टक्का इंजेक्शनचं माप पन्नास किलोला १ मिली. गिनीपिग जेमतेम किलोभर, म्हणजे गुरांच्याच हिशोबाने त्याच्या वाट्याला एका मिलीचा पन्नासावा भाग, थेंबभरही नाही. घरगुती उपचार फसतो तो इथे. बाटली तीच असते, हात मात्र बैलाच्या मापाला सरावलेला.

तंबाखूच्या पाण्याचं तर नावच नको. गिनीपिग अंग चाटून साफ करतो, निकोटीन थेट पोटात जातं. करंजेलाने कातडी मऊ पडेल, पण बिळात बसलेली कीड त्याने मरेल असा भरवसा माझा तरी नाही.

आयव्हरमेक्टिनने अंडी मरत नाहीत. म्हणून साधारण दहा-चौदा दिवसांनी पुन्हा मात्रा द्यावी लागते आणि त्याच वेळी पिंजऱ्यातला पेंढा काढून टाकायचा. पावसाळ्यात कोरडा पेंढा मिळवणं हेच मोठं काम. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवायची; आपण फक्त प्राण्याला टोपलीत घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं आणि टोपलीचं वजन वजा करायला विसरायचं नाही.